अण्णांचा ओळंबा

"समुद्र ही पुरुषाची शेवटची परीक्षा आहे. जो समुद्राला भ्याला, तो जन्माला येऊन फुकट गेला!"

अण्णा धैर्यवान हे वाक्य दर रविवारी सकाळी आपल्या शिडाच्या होडीत उभे राहून म्हणत. होडी गिरगावातल्या आमच्या वाडीच्या अंगणात, चार दगडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. पाण्याशी तिचा संबंध एवढाच, की वाडीचा नळ तिच्या शेजारी होता. अण्णांना बोट लागत असे. एकदा ते लग्नासाठी रेवसला निघाले, ते भाऊच्या धक्क्यावर नुसती बोट बघूनच ओकले आणि आहेर दुसऱ्याच्या हाती पाठवून घरी परतले.

होडी त्यांनी हौसेने घेतलेली नव्हती. ज्या जहाज कंपनीत ते हेडक्लार्क होते, तिथला साहेब राज्य संपल्यावर विलायतेला निघाला. जाताना त्याने कुत्रा एका पारशाला दिला आणि होडी अण्णांना. अण्णांनी कुत्रा मागितला होता.

होडी तरी धड एक होती का? दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी ठेवून दोन आडव्या वाशांनी एकमेकींना जखडलेल्या, वाशांवर फळ्यांचा ओटा, ओट्याच्या बरोब्बर मध्यावर डोलकाठी. साहेब तिला कॅटमरान म्हणे. वाडीने ते नाव दोनचार दिवस तोंडात घोळवलं आणि जोडहोडी म्हणायला सुरुवात केली. पुढे छप्पन साली सरकारने महाराष्ट्र आणि गुजरात एका दाव्याला बांधून मुंबईचं द्विभाषिक राज्य केलं, तेव्हा वाडीला त्याहून चांगलं नाव सापडलं. दोन अंगं, मध्ये जबरदस्तीचं लाकूड आणि जागचं हलायचं नाव नाही. होडीला सगळे 'द्विभाषिक' म्हणू लागले.

द्विभाषिक राज्य ज्या आठवड्यात जन्माला आलं, त्याच आठवड्यात अण्णा गेले. निषेधाचे काळे झेंडे वाडीत आधीच लागलेले होते. अण्णांसाठी वेगळे लावावे लागले नाहीत.

जाण्यापूर्वी त्यांनी दोन्ही मुलांना उशाशी बोलावलं. थोरला मनमोहन सरकारी कचेरीत कारकून. द्विभाषिकाला त्याचा कचेरीत पाठिंबा असे आणि घरी विरोध. धाकटा शशिकांत विमा कंपनीत. त्याचा विरोध चोवीस तास आणि मोठ्याने. अण्णा म्हणाले, "माझ्या अस्थी माझ्याच होडीतून न्या. दोघांनी मिळून न्या. भाड्याच्या होडीतून गेलो तर वरच्या लोकांना काय तोंड दाखवू?"

आयुष्यभर टाळलेली परीक्षा माणसाने मेल्यावर द्यायची ठरवली, तर मुलांनी नाही कसं म्हणायचं? दोघांनी मान डोलावली. बायको सुमतीबाई पायाशी बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तरी त्याही बोलल्या.

"तुम्ही समुद्रात गेलात की मगच मी समुद्रातलं खाईन."

हे वाक्य ज्यांना साधं वाटेल, त्यांनी पाठारे प्रभूंचं घर पाहिलेलं नाही. या घरात लग्न मोडेल, पण रविवारची कोळंबी मोडत नाही. बाई एक वेळ कुंकवाशिवाय राहील, बोंबलाशिवाय कशी राहणार? सुमतीबाईंच्या हातचं बोंबलाचं भुजणं शिजत असलं की तिसऱ्या वाडीतले शाकाहारी लोक खिडक्या लावून घेत, आणि आत बसून वास घेत. त्या बाईने मासे सोडले. आठ दिवसांचा तर प्रश्न, असं त्यांना वाटलं. आम्हालाही वाटलं.

दहाव्या दिवशी मुलांनी होडी तपासायला घेतली. इतकी वर्षं उन्हात वाळून फळ्या आक्रसल्या होत्या आणि प्रत्येक सांध्यातून पलीकडचं अंगण दिसत होतं. मनमोहनने आत बादलीभर पाणी ओतलं. ते इतक्या तत्परतेने खाली आलं, की नळाखाली भांडी घासत बसलेल्या शेवंतीने ओरडून विचारलं, "दादा, वरून कोन ओतताय?"

डागडुजी करणं भाग होतं. तोपर्यंत अस्थी ठेवायच्या कुठे? घरात आणायच्या नाहीत, झाडाला टांगायच्या, ही रीत. वाडीत झाड एकच, शेवग्याचं, आणि त्याच्या शेंगा सगळ्यांच्याच आमटीत पडत. त्या झाडावर अण्णांना टांगायला एकमताने विरोध झाला. वाडीच्या कमिटीचे सेक्रेटरी गुरुदत्त मानकर यांनी तोडगा काढला. "अहो, डोलकाठीला टांगा की. मालक आपल्या होडीवर. शोभेलसुद्धा."

सुमतीबाईंनी आपला तांब्याचा गडू दिला. त्याच्या तोंडाला फडकं बांधून, लांब दोरीने तो डोलकाठीच्या शेंड्याला लटकवण्यात आला. खाली ओट्यापासून पुरुषभर उंचीवर अण्णा वाऱ्याने हलके हलके झुलू लागले. होडीत इतका वेळ ते जिवंतपणी कधी थांबले नव्हते.

मग सुतक फिटलं आणि घरात पहिल्यांदा सरंगा आला.

भांडण सरंग्यावरूनच झालं. वाढायला शशिकांतची बायको राजलक्ष्मी होती. मधला तुकडा तिने नवऱ्याच्या ताटात वाढला आणि शेपटीकडचा थोरल्या दिरांच्या. मनमोहनने शेपटी पाहिली आणि म्हणाला, "अण्णा असताना मधला तुकडा कोणाला जायचा?"

"अण्णांना," राजलक्ष्मी म्हणाली.

"आणि आता घरात वडील कोण?"

"हा तुकडा वडिलांचा नाही, माशाचा आहे," शशिकांत घास घेत म्हणाला.

एवढंच. पुढे जे झालं त्यात एक ताट, दोन वाट्या आणि एक घर फुटलं. संध्याकाळपर्यंत एका चुलीच्या दोन झाल्या, गॅलरीत मध्ये पार्टिशन आलं आणि मनमोहनची बायको नलू पार्टिशनच्या अलीकडून पलीकडच्या जावेला, "अगंबाई, तिकडे कोणी राहतं वाटतं?" असं विचारू लागली. सुमतीबाईंचं वाटप सकाळ-संध्याकाळ असं झालं. सकाळचं जेवण थोरल्याकडे, रात्रीचं धाकट्याकडे. त्यांची खाट जिथे पार्टिशन संपत होतं तिथे, दोन्ही स्वयंपाकघरांच्या बरोब्बर मध्ये पडली.

होडीचं वाटप सोपं होतं. देवाने, किंवा साहेबाने, तिचे दोन भाग आधीच केलेले होते. डावं अंग मनमोहनचं, उजवं शशिकांतचं. पुढचा वासा थोरल्याचा, मागचा धाकट्याचा.

आणि मग त्या दोघांनी डागडुजी सुरू केली. अशी डागडुजी गिरगावात झाली नसेल.

मनमोहन शिवडीच्या बंदरावर जाऊन आला. तिथे त्याने फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा आणि वरून राळ भरायची, हे शिकून घेतलं. रोज संध्याकाळी कचेरीतून आला की कोट खुंटीला आणि हातात हातोडी. शशिकांत वरळीच्या कोळीवाड्यात गेला आणि बुडाला माशाचं तेल चोपडायचं शिकून आला. मनमोहनने आपलं अंग पांढरं रंगवलं. शशिकांतने आपलं काळं केलं. मनमोहनने जुने खिळे उपटून तांब्याचे ठोकले, म्हणून शशिकांतने सगळ्या फळ्या बदलल्या. शशिकांतने फळ्या बदलल्या, म्हणून मनमोहनने आपलं अंग दीड बोट उंच करून घेतलं. कोणीही दुसऱ्याच्या अंगाला चुकूनसुद्धा हात लावला नाही. एकदा शशिकांतचा ब्रश वाऱ्याने निसटून पांढऱ्या अंगावर काळा शिंतोडा उडाला, तेव्हा मनमोहनने तो पुसला नाही. भोवती खडूने गोल काढला आणि वाडीच्या कमिटीला दाखवला.

दोघांचंही मत असं, की दुसऱ्याचं अंग पाण्यात पडताक्षणी बुडणार आणि आपलं तरंगणार. एकमेकींना बांधलेल्या दोन होड्यांपैकी एकीने बुडावं आणि दुसरीने तरंगावं, ही समजूत त्या काळात धैर्यवानांच्या घरी आणि दिल्लीत, अशा दोनच ठिकाणी होती.

शिडाचं मात्र अडलं. शीड एकच आणि ते मध्ये. परळच्या गिरणीतलं जाडं कापड दोघांनी आणलं, पण वेगवेगळं. एकाचं कोरं, एकाचं खाकी. आपलं कापड दुसऱ्याच्या कापडाला शिवायला दोघेही तयार होईनात. शेवटी सुमतीबाईंनी आपलं शिवणाचं यंत्र गॅलरीच्या टोकाला ओढलं आणि दोन्ही तुकडे स्वतः जोडले. शिवण मधोमध घातली, दुहेरी. दोरा तोडताना त्या म्हणाल्या, "हे झालं. आता किती राहिलं रे?"

"माझ्याकडून तयार आहे, आई," मनमोहन डावीकडून म्हणाला.

"माझ्याकडून केव्हाच तयार आहे," शशिकांत उजवीकडून म्हणाला.

"मग न्या ना त्यांना!"

"त्याला विचार," दोघेही म्हणाले.

सुमतीबाईंनी यंत्राला झाकण घातलं.

आता डोलकाठीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. डोलकाठी नुसती उभी राहत नाही. तिच्या शेंड्यापासून दोन्ही बाजूंना ताणाचे दोर यावे लागतात, आणि पुढे एक तिसरा. डावा ताण मनमोहनच्या अंगाला बांधलेला, उजवा शशिकांतच्या. तिसरा सामायिक, म्हणजे कोणाचाच नाही. तो कुजत होता आणि कुजू दिला जात होता. दोर सैल पडला की दुहेरी दोरात एक दांडकं घालून पीळ द्यायचा, की ताण बसतो. मनमोहनने दांडक्याच्या जागी नलूचं लाटणं वापरलं. शशिकांतने क्रिकेटचा स्टंप.

एके दिवशी ऑफिसला जाताना शशिकांतने पाहिलं, तर अण्णांचा गडू मध्यावर नव्हता. बोटभर डावीकडे सरकला होता. गवंडी भिंत उभी सरळ आहे की नाही हे पाहायला दोरीला वजन बांधून सोडतो, ज्याला ओळंबा म्हणतात, तसा तो गडू डोलकाठीचा कल दाखवत होता. मनमोहनच्या लाटण्याने एक पीळ जास्त घेतला होता.

"अण्णा त्याच्याकडे झुकले?" शशिकांत राजलक्ष्मीला म्हणाला. टिफिन खाली ठेवून तो उतरला, स्टंपला दोन पीळ दिले. गडू बोटभर उजवीकडे आला. संध्याकाळी मनमोहन घरी आला, त्याने चहा घेतला नाही. लाटण्याला दोन पीळ.

तेव्हापासून हे रोज चालू झालं. सकाळी एक पीळ, संध्याकाळी एक पीळ. दोर तंबोऱ्याच्या तारेसारखे ताठ झाले, टिचकी मारली की सूर निघे. आणि डोलकाठी मात्र काय सरळ राहिली! तिचा सरळपणा दोन्ही भावांचा द्वेष सारखा असण्यावर अवलंबून होता, आणि त्या बाबतीत दोघेही एकाच बापाची मुलं होती.

वाडीचे दिवस मजेत जाऊ लागले. संध्याकाळी गॅलऱ्या भरत. मनमोहन लाटण्याजवळ आला की तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी प्रेमाने सांगे, "मनमोहनराव, सकाळी त्यांनी दीड दिला हो!" आणि सकाळी शशिकांतला तेच, उलट. हे सांगणाऱ्यांत गुरुदत्त मानकरही असत, पण ते दोघांनाही सांगत, कारण कमिटी निःपक्षपाती होती.

सुमतीबाई खाटेवर बसून पाहत. दोन्ही बाजूंच्या तव्यांवर मासे चुरचुरत. डावीकडे नलू हलवा तळी, उजवीकडे राजलक्ष्मी कोळंबीचं आटलं करी, आणि दोघींचे वास पार्टिशनवरून येऊन सासूच्या खाटेवर एकत्र होत. घरात एकत्र व्हायचं तेवढंच शिल्लक होतं.

"आई, वास येतोय का तुम्हाला? दार लावू का?" नलू मायेने विचारी.

"नको. उघडंच असू दे."

"नाही म्हटलं, तुम्हाला उगीच त्रास." आणि मग पार्टिशनकडे तोंड करून, "आज अगदी ताजा मिळाला हो हलवा. काही लोकांना शिळ्यातलं कळत नाही."

पार्टिशनपलीकडून कढईवर झारा आपटे.

सुमतीबाईंच्या ताटात पडवळ येई. सकाळीही पडवळ, रात्रीही पडवळ, कारण एका सुनेने काय वाढलं हे दुसरीला विचारता येत नव्हतं. असं वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. बाई निम्मी झाली. रोज सकाळी उठून ती पहिल्यांदा गडूकडे बघे आणि म्हणे, "अजून इथेच का तुम्ही?"

मग सीमाभागातल्या सत्याग्रहासाठी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या तुकड्या निघू लागल्या. वाडीतून कोणीतरी जायला हवं होतं. कमिटीची सभा अंगणातच, होडीच्या सावलीत भरली. कोणाची मुलगी लग्नाची, कोणाचा रक्तदाब, कोणाची नोकरी कच्ची. मनमोहन वरून, गॅलरीतून, कोणाकडेच न पाहता म्हणाला, "घोषणा देणं निराळं, तुरुंगात जाणं निराळं. त्याला बाप लागतो तसा."

शशिकांतने तिथल्या तिथे नाव दिलं. बाप एकच आहे हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात आलं नाही.

जाताना त्याने आईला नमस्कार केला, बायकोला स्टंप दाखवला आणि म्हणाला, "रोज एक पीळ. चुकवू नकोस." पण राजलक्ष्मीच्या हातांना तो स्टंप हलेना. दोर इतका ताणलेला होता, की तिने जोर केला तेव्हा बांगड्या फुटल्या, पीळ काही बसला नाही. शशिकांत बेळगावच्या तुरुंगात घोषणा देत होता आणि इकडे त्याचा दोर उन्हाने एकेक धागा सैल पडत होता.

मनमोहनने मात्र एक दिवस चुकवला नाही. विरोधकच नसल्यामुळे त्याची प्रकृतीही सुधारली. डोलकाठी डावीकडे कलत गेली. गडू आधी ओट्याच्या कडेला आला, मग पांढऱ्या अंगाच्या काठावर, आणि एका सकाळी अण्णा सबंधच्या सबंध थोरल्याच्या हद्दीत लटकू लागले. मनमोहनने त्या दिवशी कचेरीत पेढे वाटले. काय झालं विचारल्यावर म्हणाला, "वडील आले."

सुमतीबाईंनी हीच संधी साधली. सकाळच्या जेवणाला त्यांनी ताट पुढे सारलं.

"मनू, आता ते तुझ्याकडे आले ना?"

"आले की!"

"मग तुझं समाधान झालं. शशी सुटून येईल त्या दिवशी तुम्ही दोघं त्यांना नेणार. होय म्हण, नाहीतर मी आजपासून पडवळही सोडते."

मनमोहन होय म्हणाला. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला जड जात नाही. राजलक्ष्मी नवऱ्याला भेटायला बेळगावला गेली, तेव्हा सुमतीबाईंनी तिच्याबरोबर निरोप दिला, आणि तिकडूनही होय आलं. गडू कुठे आहे हे राजलक्ष्मीने नवऱ्याला सांगितलं नाही. तुरुंगात उगीच जिवाला घोर नको, असा त्या माउलीचा विचार.

शशिकांत सुटून यायचा दिवस ठरला, तसं कमिटीने सगळं अंगावर घेतलं. भरती दुपारची होती. हातगाड्या सांगितल्या. वाडीच्या तोंडातून जोडहोडी सबंध निघत नसल्याने ती सुटी करून चौपाटीवर न्यायची आणि वाळूवर पुन्हा बांधायची. आधी डोलकाठी उतरवायला हवी. ती उतरवायची तर दोन्ही बाजूंचे पीळ एकाच वेळी, सारखे सोडायला हवेत. एक पीळ डावा, एक पीळ उजवा. एकाने आधी सोडला तर दुसऱ्याचा ताण काठी खेचून पाडणार. गुरुदत्त मानकरांनी आकडे म्हणायचे आणि भावांनी सोडायचं, असं ठरलं. सुमतीबाईंनी पहाटेच न्हाऊन पांढरं पातळ नेसलं. शीड त्यांनी स्वतः घडी घालून मांडीवर घेतलं होतं.

सकाळी लेझीम खेळत मिरवणूक वाडीत आली. शशिकांतच्या गळ्यात इतके हार, की नुसतं कपाळ आणि चष्मा दिसत होता. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" वाडी दणाणली. शशिकांत आईला नमस्कार करायला जिन्याकडे वळला आणि त्याची नजर वर गेली.

तो थांबला. लेझीम थांबली.

"हे काय? अण्णा तिकडे कसे गेले?"

"आपल्या इच्छेने गेले," मनमोहन म्हणाला. दोन वर्षांत हे भावाभावांचं पहिलं बोलणं. वाडीने कान टवकारले.

"मी महाराष्ट्रासाठी तुरुंगात, आणि तू इकडे बाप पळवलास?"

"पळवला कुठे? टांगलेलाच आहे."

"शशिकांतराव," गुरुदत्त मध्ये पडले, "आता सोडायचंच आहे ना? चला, एक पीळ तुम्ही, एक पीळ ते. मी एक म्हणतो—"

"सोडीन. पण मध्यावरून सोडीन. आधी बाप मध्ये येऊ दे!" हार न काढताच शशिकांत काळ्या अंगावर चढला आणि स्टंप दोन्ही हातांनी धरून त्याने असा पीळ दिला, की दोर कण्हला. गडू वीतभर उजवीकडे सरकला.

"बघतोस काय त्याच्याकडे?" नलू वरून ओरडली. "माझं लाटणं काय शोभेला आहे?"

मनमोहन पांढऱ्या अंगावर चढला.

मिरवणूक तयारच होती, घोषणा तोंडात होती, फक्त शब्द बदलायचे होते. निम्मे लोक उजवीकडे झाले. "बाप मध्ये आलाच पाहिजे!" निम्मे डावीकडे. "बाप आहे तिथे राहिलाच पाहिजे!" लेझीम पुन्हा सुरू झाली. गडू डावीकडे जाई, उजवीकडे येई, आणि प्रत्येक वेळी गॅलऱ्यांतून टाळ्या पडत. डोलकाठी मध्ये फुगून धनुष्यासारखी झाली. फळ्यांतून ठोकलेला कापूस बाहेर डोकावू लागला.

"अरे पुरे," गॅलरीतून सुमतीबाई म्हणाल्या. "सोडा आता. भरती टळेल." त्यांचा आवाज शिडाच्या घडीपलीकडे गेला नाही.

सगळ्यांत आधी तिसरा दोर तुटला, कोणाचाच नसलेला. मग डोलकाठी. कमरेत मोडली ती. लाटणं सुटून गरगरत गेलं आणि तुरुंगातून एकही ओरखडा न घेता आलेल्या शशिकांतच्या कपाळावर बसलं. मोडक्या काठीने ओटा फोडला, दोन्ही वासे उखडले, आणि पांढरं अंग एकीकडे, काळं एकीकडे कोलमडलं. द्विभाषिक दुभंगलं ते असं, सरकारच्या आधी.

गडू दोन्हींच्या मधल्या फरशीवर आदळला. फडकं सुटलं. अण्णा अंगणभर झाले.

मग मनमोहन वाकला. सगळ्यांना वाटलं, रडतोय. तो बघत होता.

"माझ्याकडे जास्त पडलेत," तो म्हणाला.

शशिकांत कपाळाचं रक्त पुसत रांगत आला. "ती होडीची धूळ आहे. खरे अण्णा इकडे आहेत." आणि त्याने खिशातून मानपत्राचा कागद काढून आपल्या बाजूची राख त्यावर ओढायला सुरुवात केली. मनमोहनला कागद मिळेना. तो टोपीत भरू लागला.

"बाजूला व्हा."

सुमतीबाई खाली आल्या होत्या. दोन वर्षांत जिना न उतरलेल्या बाई कशा उतरल्या हे कोणी पाहिलं नाही. त्यांनी नळाखाली भरून ठेवलेली शेवंतीची बादली उचलली.

"आई, काय करतेस?"

बाईंनी बादली फरशीवर ओतली. दुसरी भरून घेतली, तीही ओतली. मनमोहनच्या टोपीतलं काढून घेतलं, शशिकांतच्या मानपत्रावरचं झटकलं, आणि तिसरी ओतली. अण्णा, झेंडूच्या पाकळ्या, थोडा कापूस आणि थोडी राळ, असं सगळं मिळून उतारावरून निघालं आणि वाडीच्या गटारात शिरलं.

"गुरुदत्त, हे गटार कुठे जातं?"

गुरुदत्त मानकरांनी या गटाराबद्दल म्युनिसिपालिटीकडे उभ्या आयुष्यात जितक्या तक्रारी केल्या होत्या, तितक्या कोणी केल्या नसतील. "चौपाटीला, काकू. थेट समुद्रात."

"कधी पोचेल?"

"ओहोटी लागली की. दिवेलागणीपर्यंत."

"आई," मनमोहन रिकामी टोपी हातात धरून म्हणाला, "अण्णांना गटारातून पाठवलंस?"

"तुम्ही दोन वर्षं टांगलंत. मी पाठवलं तरी." त्यांनी हात जोडले. गटाराकडे बघून थोडं पुटपुटल्या, मग पदराने डोळे पुसले. "गेले," त्या म्हणाल्या.

गुरुदत्तांनी टोपी काढली, ते पाहून बाकीच्यांनीही काढल्या. मोडक्या होडीच्या दोन बाजूंना दोन भाऊ खाली माना घालून उभे होते, एकाच्या कपाळावर टेंगूळ, दुसऱ्याच्या हातात ओली टोपी. आता ही माउली काहीतरी बोलेल, जे ऐकून दोघे एकमेकांच्या गळ्यात पडतील, आणि आपण ते नातवंडांना सांगू, असं प्रत्येकाला वाटत होतं. नलूने तर पदर तोंडाला लावून तयारी केली होती.

सुमतीबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती सुनेवर थांबली.

"नलू, वाडीच्या तोंडाशी कोळीण बसली असेल. ओले बोंबील घे. पण आज पहाटे धरलेलेच घे हो. उद्यापासून धरलेले काही दिवस नकोत."